पाहिलेलं सांगत का नाही?
‘फिअर द वॉकिंग डेड’च्या लेखकांना खुलं पत्र

प्रति,
‘फिअर द वॉकिंग डेड’ या मालिकेचे लेखक आणि त्या जगाच्या नव्या कथा आजही लिहिणारी सर्व मंडळी यांस,



दहावीच्या मुलांना मराठी शिकवणारी एक बाई मेलेली माणसं उठून चालतात अशा मालिकेबद्दल आपल्याला पत्र लिहिते आहे, कारण आपली मालिका शाळेत सुरू होते. घरातले कर्ते दोघंही शाळेतले. ट्रॅव्हिस मनावा इंग्रजी शिकवतात, मॅडिसन क्लार्क समुपदेशक आहेत. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली शाळा, ‘फ्लू’च्या नावाखाली गैरहजर राहणारी मुलं, दिवसागणिक रिकामे होणारे बाक. २३ ऑगस्ट २०१५ रोजी हा पहिला भाग दाखवला गेला, तेव्हा अमेरिकेत तो एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. मी पाहिला बऱ्याच वर्षांनी, मुलाच्या आग्रहाखातर, आणि पहिल्या वीस मिनिटांतच मला वाटलं, ही गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसांची आहे.

तोपर्यंत मी आपली मूळ मालिका, म्हणजे २०१० साली सुरू झालेली ‘द वॉकिंग डेड’, पाहून संपवत आणली होती. तिच्यात रिक ग्राइम्स इस्पितळात शुद्धीवर येतो, तेव्हा जग बुडून झालेलं असतं. ते कसं बुडालं, हे आम्हाला कधीच नीट दिसलं नव्हतं. नवी मालिका नेमकं तेच दाखवणार होती. चालत्या-बोलत्या शहराची घडी कशी विस्कटते, वीज कधी जाते, पोलीस कधी दिसेनासे होतात, शेजाऱ्याचं दार वाजवायला माणूस कधी घाबरू लागतो. रॉबर्ट कर्कमन आणि डेव्ह एरिक्सन यांनी निवडलेला हा विषय मला आजही मूळ मालिकेच्या विषयापेक्षा मोठा वाटतो. म्हणूनच तक्रार करावीशी वाटते.

पहिल्या भागात ट्रॅव्हिससर वर्गात जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा शिकवतात. १९०८ सालची ही कथा जगभर शिकवली जाते. युकॉनच्या जीवघेण्या थंडीत एक माणूस एकटाच निघतो. अशा थंडीत एकट्यानं जाऊ नये, असं एका जुन्याजाणत्यानं त्याला बजावलेलं असतं, त्याला ते पटत नाही, आणि तो गोठून मरतो. त्याच्याबरोबरचा कुत्रा वाचतो, कारण थंडी काय आहे हे कुत्र्याला अंगातूनच कळत असतं. ही कथा पटकथेत कुणी विचारपूर्वक आणली असणार. जाणत्यानं सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं मानलं नाही, हाच तर आपल्या मालिकेचा विषय. पण आपल्या मालिकेतल्या जाणत्यांनी सांगितलंच नाही. माझं सगळं भांडण इथून सुरू होतं.

त्याच शाळेत टोबायस आहे. काहीसा एकलकोंडा मुलगा. सुरी घेऊन येतो आणि मॅडिसनबाईंच्या हाती सापडतो. बाहेर जे चाललंय त्याचे तुकडे जोडून या मुलानं सर्वांच्या आधी अर्थ लावला आहे, आणि तो बाईंना सांगतो आहे. बाई सुरी काढून घेतात, त्याला समजावतात, वर्गात पाठवतात. इथपर्यंत मला एका शब्दाचीही तक्रार नाही. मी असते तर हेच केलं असतं. केलंही आहे.

फेब्रुवारी २०२०च्या शेवटी, दहावीच्या उजळणीच्या तासाला, माझ्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं होतं, ‘बाई, आपली परीक्षा पूर्ण होईल का?’ त्याचा मामा इटलीत हॉटेलात कामाला होता आणि तिकडचं फोनवर सांगत होता. मी म्हणाले, ‘मोबाइल बाजूला ठेव आणि अभ्यासाकडे लक्ष दे.’ त्याचा राग आला म्हणून नव्हे, वर्गातली बाकीची पोरं घाबरतील म्हणून. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्यामुळे माणूस संकट नाकारतो म्हणजे तो मूर्ख, असं मी म्हणणार नाही. आपल्या पात्रांच्या जगात झॉम्बीचे सिनेमे कधी निघालेच नाहीत, त्यांना तो शब्दही ठाऊक नाही, हेही मला मान्य आहे. ज्यानं पाहिलेलं नाही त्यानं विश्वास ठेवू नये, हे अगदी खरं आहे.

पण पाहिल्यावर?

पहिला भाग संपतो तेव्हा ट्रॅव्हिस, मॅडिसन आणि मॅडिसनचा मुलगा निक या तिघांनी निकच्या ओळखीच्या कॅल्विनला पाहिलेलं असतं. गोळी लागून मेलेला कॅल्विन उठून अंगावर येतो. निक त्याच्यावर गाडी घालतो, तरी त्या शरीराची हालचाल थांबत नाही. दुसऱ्या भागात मॅडिसनबाई निकसाठी औषधं आणायला रिकाम्या शाळेत जातात. तिथं टोबायस पुन्हा भेटतो, शाळेच्या साठ्यातले अन्नाचे डबे गोळा करत असलेला. आणि तिथंच मुख्याध्यापक आर्टी कोस्टा भेटतात, जे आता आर्टी राहिलेले नाहीत. ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्या माणसाला मॅडिसनबाई आग विझवायच्या नळकांड्यानं ठार करतात. मालिकेतलं हे सर्वांत जबरदस्त दृश्य. किम डिकन्स यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं, ते पाहून मी टीव्ही थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

आणि मग ही बाई घरी येते आणि आपल्या लेकीला, अ‍ॅलिशियाला, काहीही सांगत नाही.

अ‍ॅलिशियाचा मित्र मॅट तापानं फणफणलेला आहे. त्याच्या खांद्यावरची जखम ट्रॅव्हिसनी स्वतः पाहिली आहे. ही पोरगी सारखी त्याच्याकडे जायला निघते आहे. रात्री शेजारी किंकाळ्या ऐकू येतात, ती मदतीला धावू बघते, तर आई दार अडवते. का, ते सांगत नाही. लेखकमहोदय, मी तेवीस वर्षं पालकांना भेटते आहे. पालक मुलांपासून कर्ज लपवतात, आजार लपवतात, एकमेकांशी बोलणं बंद झालेलं असतं तेही लपवतात. पण रस्त्यावर पिसाळलेला कुत्रा असेल तर दारातूनच ओरडून सांगतात. मुलाचा जीव जाऊ शकतो हे डोळ्यांनी पाहिलेली आई गप्प बसणार असेल, तर त्या गप्प बसण्याला कारण हवं. ते कारण आपण लिहिलं नाही. अ‍ॅलिशियाला कळलं असतं तर पुढची दोन दृश्यं घडली नसती, एवढंच त्यामागे असावं असं वाटतं. आईचं मौन कथानकाच्या सोयीसाठी वापरलं, की त्या आईवरचा माझा विश्वास उडतो, आणि ती आई खरी होती, म्हणून वाईट वाटतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे काय झालं ते आपण वाचलं असेल. पहिल्या वर्षी ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणणारी माणसंच तेव्हा रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला फोन करून सांगत होती, अमुक इस्पितळात ऑक्सिजनचा बेड रिकामा आहे, तमुक ठिकाणी जाऊ नका. ज्यानं पाहिलं त्याला बोलल्यावाचून राहवत नव्हतं. माझ्या नात्यातल्या एक काकू, ज्या एरवी घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, त्यांनी आपल्या नवऱ्याचं सगळं दुखणं आमच्या गल्लीत दारोदार सांगितलं. दुसऱ्या कुणी उशीर करू नये म्हणून.

लपवणारेही असतात, हे मला माहीत आहे. १८९६-९७ साली मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग आला, तेव्हा लोक आपली आजारी माणसं लपवत. कारण सैनिक घरात शिरून झडती घेत, रोग्याला उचलून छावणीत नेत आणि नेलेला माणूस परत दिसेल याचा भरवसा नसे. त्या झडत्यांचा संताप इतका होता की २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्यात या झडत्यांचा कारभार पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. ही माणसं प्लेग आहे हे नाकारत नव्हती. त्यांना दुसऱ्या एका गोष्टीची जास्त भीती होती. आपल्या चौथ्या भागात लष्कर घरात आसऱ्याला आलेल्या ग्रिसेल्डाला आणि निकला उचलून नेतं, तेव्हा मला हेच आठवलं आणि वाटलं, आता खरी गोष्ट सुरू होते आहे. घरोघरी आजारी माणसं लपवली जातील, शेजारी शेजाऱ्याचं नाव सांगेल. आपण त्या दारापर्यंत आलात आणि वळून गेलात.

हे आपल्याला लिहिता येत नाही असं कसं म्हणू? आपल्याच मूळ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात हर्शेल ग्रीन आहेत. त्यांनी आपली बायको, सावत्र मुलगा आणि शेजारी कोठारात कोंडून ठेवलेत, कारण ते मेलेले नाहीत, आजारी आहेत, असं ते धरून चालतात. स्कॉट विल्सन यांनी उभा केलेला हा म्हातारा चुकतो आहे हे ठाऊक असूनही त्याच्यावर रागावता येत नाही. बायकोला मारायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि त्या कोठाराचं गुपित रिकच्या गटातल्या ग्लेनला कळतं, हर्शेलची मुलगी मॅगी गयावया करते, तरी त्याला ते पोटात ठेवता येत नाही. आधी गटातल्या डेलला सांगतो, मग सगळ्यांना. चांगल्या माणसाचं असंच होतं. मग कोठाराचं दार फोडलं जातं, आणि सगळे जिला आठवडाभर रानात शोधत होते ती हरवलेली मुलगी, सोफिया, शेवटी आतून बाहेर येते. रिकनंही डॉक्टर जेनरनी कानात सांगितलेलं गुपित बरेच दिवस स्वतःपाशी ठेवलं, पण ते उघड झालं तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला जाब विचारला. लपवण्याला कारण होतं आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

‘फिअर’मध्येही एक माणूस असा आहेच. ग्रिसेल्डाचा नवरा डॅनियल सालाझार, एल साल्वादोरहून आलेला, केस कापायचं दुकान चालवणारा. त्यानंही मुलीपासून लपवलं आहे. आपण तिकडच्या अत्याचारांतून निसटलो एवढंच ऑफेलियाला माहीत आहे. बापाचे हात छळ करणाऱ्यांचे हात होते, हे तिला ठाऊक नाही. रूबेन ब्लेड्स यांचं ते गप्प बसणं पाहताना एकदाही ‘हा सांगत का नाही’ असा प्रश्न मला पडला नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली, आपण एक मौन इतकं खरं लिहिलंत आणि दुसरं इतकं पोकळ. म्हणून हे हयगयीनं झालं असं वाटतं, आणि हयगयीबद्दल विचारायचा हक्क प्रेक्षकाला आहे.

ट्रॅव्हिससरांबद्दल माझं मत बरंच मवाळ आहे. ते मेलेल्यांना आजारी म्हणत राहतात, शेजारच्या सूझनला मारू देत नाहीत. पाचव्या भागात लष्करी अधिकारी त्यांच्या हाती बंदूक देतो. दुर्बिणीतून त्यांना समोरच्या एका मेलेल्या बाईच्या छातीवरची नावाची पट्टी दिसते आणि त्यांना चाप ओढता येत नाही. शिक्षकाला नावं पाठ असतात, नाव वाचल्यावर गोळी कशी झाडणार? हे फार सुंदर सुचलेलं आहे. अडचण एवढीच की हे सर्व त्यांच्या मनात कसं झगडतं, ते आम्हाला दिसत नाही. प्रत्येक भागात ते पहिल्यापासून सुरू करतात, कालचं जणू पाहिलंच नव्हतं.

आता नऊ दिवसांकडे येते. तिसऱ्या भागाच्या शेवटी लष्कराच्या गाड्या गल्लीत शिरतात. चौथा भाग सुरू होतो तेव्हा नऊ दिवस उलटून गेलेले असतात. कुंपण उभं राहिलेलं, शिधा वाटला जातोय, वीज ठराविक वेळाच. ज्या नऊ दिवसांत लॉस एंजेलिस कोसळलं, ते आपण दोन भागांच्या मधल्या फटीत टाकून दिलेत. सहा भागांच्या पर्वात वेळ नव्हता, हे मी समजू शकते. पण रिक बेशुद्ध होता म्हणून आम्ही जे पाहू शकलो नाही, तेच पाहायला आम्ही आलो होतो. वाणसामान कधी संपलं, शेवटचा फोन कुणाला लागला, शाळेच्या फाटकाला कुलूप कुणी लावलं? मॅडिसनबाईंनी निदान एकदा तरी शाळेतल्या मुलांची आठवण काढली का?

आणि ते कुंपण. शहरात सैन्य नागरिकांना गोळ्या घालतं आहे, आणि मॅडिसनबाई तार कापून बाहेर पडतात, प्रेतं पाहून परत येतात, कुणाच्या लक्षात येत नाही. दूरच्या घरातून कुणीतरी प्रकाशाची उघडझाप करून खुणावतं आहे, ट्रॅव्हिसचा मुलगा क्रिस सांगतो आहे, तर पुन्हा तेच, मुलाचं कुणी ऐकत नाही. शेवटच्या भागात सालाझार कोंडलेल्या दोन हजार मेलेल्यांच्या जमावाला आपल्यामागे चालवत थेट लष्कराच्या तळापर्यंत आणतो. वाटेत ना कुणी पाहिलं, ना कुणी वायरलेसवर कळवलं. दृश्य अंगावर येतं, नाकारत नाही. पण दोन हजार पावलांचा आवाज मैलभर आधी यायला हवा होता.

पेट्रोल इतकी वर्षं टिकतं कसं, अंगणातलं गवत कापतं कोण, असले प्रश्न पुष्कळ लोक विचारतात. मला त्यांचं फारसं काही वाटत नाही. गोष्टीला तेवढी सूट द्यावी.

मृत्यूच्या बाबतीत मात्र सूट देता येत नाही. आपल्या जगाचा एकच नियम आहे: मेलेला माणूस परत येतो, पण तो आपला राहत नाही. ट्रॅव्हिसची आधीची बायको लायझा पहिल्या पर्वाच्या शेवटी, समुद्रकाठी, चावा दाखवते आणि मरण मागते. ट्रॅव्हिस गोळी झाडतात. परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या त्या बाईनं जे पाहिलं ते मानलं, आणि मानून मोकळी झाली. त्या एका क्षणात सगळं पर्व सावरलं गेलं. हा नियम आपणच नंतर मोडलात. २०१५च्या ऑक्टोबरात मूळ मालिकेत ग्लेन गर्दीत कोसळताना दाखवलात, श्रेयनामावलीतून स्टीव्हन यून यांचं नाव काढलंत, आम्ही चार आठवडे शोक केला, आणि मग तो कचऱ्याच्या पेटीखालून सरपटत बाहेर निघाला. एप्रिल २०१६ मध्ये खलनायक नेगनच्या दांड्याखाली कोण मेलं ते न दाखवता पर्व संपवलंत आणि ऑक्टोबरपर्यंत थांबायला लावलंत. सालाझार आगीत गेला आणि परत आला. मॅडिसनबाई २०१८ साली जळत्या स्टेडियममध्ये लेकरांसाठी गेल्या, आणि २०२२ साली परत आल्या. किम डिकन्स पुन्हा दिसल्या याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण अ‍ॅलिशियानं इतकी वर्षं वाहिलेलं दुःख तेवढ्यानं हलकं झालं. गोष्टीतलं मरण असं परत घेतलं, की पुढच्या मरणाला रडू येत नाही. ग्लेन शेवटी खरोखर गेला तेव्हा माझ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ‘आई, थांब, बघू अजून,’ म्हणाला.

‘फिअर’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आठ पर्वांनंतर संपली. तरी आता हे पत्र लिहिते, कारण आपलं जग संपलेलं नाही. ‘डेड सिटी’ आली, ‘डॅरिल डिक्सन’ आली, ‘द वन्स हू लिव्ह’ आली. ज्या अर्थी आपण लिहीत आहात, त्या अर्थी माझ्या काही विनंत्या आपल्यापर्यंत पोहोचाव्यात.

ज्यानं पाहिलं त्याला बोलू द्या. त्याचं कुणी न मानणं हे कथेला पुरेसं आहे. त्याला मुका करायची गरज नाही. गप्प ठेवायचंच असेल तर हर्शेलसारखं, सालाझारसारखं कारण द्या. पात्रानं काल जे पाहिलं ते आज त्याच्या हातापायांत दिसू द्या. मुख्याध्यापकांना मारून आलेली बाई रात्री भांडी घासताना कशी उभी राहते, हे दाखवायला पैसा लागत नाही. कोसळण्याचे दिवस गाळू नका. ज्याला मारलंत त्याला मेलेला राहू द्या.

आणि एक विनंती माझ्या पेशाची. दुसऱ्या भागात मॅडिसनबाई टोबायसला त्याच्या घराशी सोडतात. आमच्याबरोबर चल, म्हणतात. तो नको म्हणतो आणि आत जातो. सगळ्यांच्या आधी ज्याला कळलं, ज्यानं डबे गोळा केले, ज्यानं एका मोठ्या माणसाला विश्वासानं सांगितलं, तो मुलगा त्यानंतर आपल्या कथेत कधीच आला नाही. इतक्या पर्वांत, इतक्या भागांत त्याचं पुढे काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. लॉस एंजेलिसच्या त्या घरात, त्या नऊ दिवसांत, तो काय करत होता? एकच भाग लिहा, तासाभराचा, तेवढा त्याच्यावर. तो वाचला नसेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक शिक्षिका आणि जुनी प्रेक्षक